चकमकीची बंदूक

शिरूर अनंतपाळच्या पूर्वेस उदगीरचा किल्ला आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजीं त्याच मुलखांत सदाशिवरावभाऊंनीं निजामाच्या सैन्याचा पराभव केला, तेव्हां इब्राहिमखान गारद्याची कवायती पलटण मराठ्यांच्या बाजूस होती. असल्या पायदळाचें हत्यार म्हणजे चकमकीची बंदूक. जळता तोडा संभाळण्याची यातायात तिनें संपविली. पण ती सोपी मात्र नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवाना मिळवून, जाणत्याच्या देखरेखीखालीं जो ती प्रथम हातीं घेतो, त्याला हें लवकरच कळतें.

नवशिक्याचें सारें लक्ष नेमाकडे असतें. तें आधीं भरण्याकडे हवें. काळी दारू मापानें ओतावी, शिंगांतून थेट नव्हे. मागच्या बाराची ठिणगी नळींत राहिली असल्यास शिंगच हातांत फुटतें. काडतुसांतील आधुनिक बिनधुराची दारू तर चिमूटभरही चालत नाहीं. तिच्या दाबानें नळी फाटते. नळींत आंतून पीळ असल्यास चरबी लावलेल्या कापडांत गोळी बसवावी आणि गजानें ती दारूला भिडेपर्यंत ठासावी. मध्यें पोकळी राहणें घातक. गज काढून घेण्यास विसरून बार उडविणारे वीरही कांहीं थोडे झाले नाहींत!

रंजक शेवटीं, आणि थोडीच. जास्त घातली म्हणजे बार लवकर उडतो, हा भ्रम आहे. बाजूचें छिद्र तिनें बुजलें, कीं आग आंत उडी घेण्याऐवजीं वातीसारखी जळत जाते.

चाप ओढतांच घोड्यांतील गार पोलादावर घांसते, झांकण उघडतें, ठिणग्या रंजकेंत पडतात, आणि मग कोठें आंतला बार पेटतो. या क्षणाच्या विलंबांतच सारी विद्या आहे. डोळ्यांजवळ रंजक भडकली कीं नवखा दचकतो, नळी हालते, गोळी भलतीकडे जाते. यासाठीं त्याच्याकडून प्रथम रिकाम्या बंदुकीवर, गारेच्या जागीं लांकडाचा तुकडा बसवून, चाप ओढल्यावरही नेम न मोडण्याचा सराव करून घेतात. हा सराव कंटाळवाणा खरा, पण त्यास पर्याय नाहीं.

नुसती रंजकच भडकून बार उडाला नाहीं, तर खरी कसोटी. तत्काळ नळींत डोकावण्याचा मोह होतो. आंत एखादा कण धुमसत असेल, तर तो मोह प्राणावर बेततो. निदान एक मिनिट तोंड निशाणाकडेच रोखून स्वस्थ उभें राहावें.

काम संपल्यावर, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळी गरम पाण्यानें धुवावी. दारूची काजळी हवेंतील ओल शोषते. पावसाळ्यांत रात्रभरांत गंज चढतो. पुसून, तेलाचा हात दिल्याशिवाय ती खुंटीला टांगूं नये.