जुनी शाळा आणि नवी शाळा

मोडकळीस आलेली, पटावर मोजकीच मुले उरलेली शाळा बंद करावी आणि तिच्या जागी दूर कोठे एक मोठी, सुसज्ज शाळा उभारावी, हा विचार सकृद्दर्शनी कोणालाही पटेल. एकाच शिक्षकाने एका खोलीत चार-पाच इयत्ता सांभाळाव्या, प्रयोगशाळा नसावी, क्रीडांगण नसावे, अशा शाळेविषयी आंधळे ममत्व बाळगणे मुलांच्या हिताचे नाही. तथापि शाळा बंद होते तेव्हा इमारतीखेरीज आणखी काय बंद होते, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

आपल्या हैदराबादचेच उदाहरण घ्या. निजामी राजवटीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठानेही तीच स्वीकारली. मराठी मुलांच्या शिक्षणासाठी समाजालाच पुढे यावे लागले. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक प्रभृतींच्या प्रयत्नांनी १९०७ साली येथे विवेकवर्धिनी उभी राहिली. त्याच साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय निघाले. या शाळांचे मोल त्यांच्या भिंतींवरून कोणी ठरविले नाही.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे विभाजन झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि या शहरातील मराठी समाज भाषिक अल्पसंख्य ठरला. त्याच वर्षी सातव्या दुरुस्तीने राज्यघटनेत ३५० अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याच्या पुरेशा सोयी करण्यासाठी प्रत्येक राज्याने झटावे, असा त्याचा आशय आहे. अशा समाजाची शाळा केवळ पटसंख्येवरून मिटली, तर मुलांना सामावून घेणारी त्याच भाषेची दुसरी शाळा शेजारी सहसा नसते.

आज दोन्ही मार्ग आपल्यासमोर आहेत. तेलंगणात २०२२ साली ‘मन ऊरु, मन बडी’, म्हणजे ‘आपले गाव, आपली शाळा’, या योजनेत सुमारे २६ हजार जुन्या शाळा टप्प्याटप्प्याने सुधारण्याचे ठरले. २०२४ साली वीस-पंचवीस एकरांच्या आवारांत नव्या एकात्मिक निवासी शाळांची पायाभरणी झाली. महाराष्ट्रात २०२३ साली वीसहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा काढण्याचा विचार पुढे आला, तेव्हा पानशेत आणि तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला देण्यात आला.

मोठ्या मुलांना अशा शाळा उपकारक ठरतील. पण पहिलीतल्या मुलाचे काय? शिक्षणहक्क कायद्याखालील २०१० च्या केंद्रीय नियमांनी पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असे सांगितले आहे. तेही अंतर नकाशावर मोजून भागत नाही. मुसीवरचा पूल किंवा भरधाव वाहनांचा रस्ता ओलांडावा लागला, तर मोलमजुरीला जाणारी आई मुलीला घरीच ठेवते. पट कमी झाला म्हणून शाळा बंद होते, आणि शाळा बंद झाली म्हणून मुलगी पटावरूनच नाहीशी होते.

म्हणून नव्या शाळेला विरोध नको. क्रम मात्र बदलावा. नवी शाळा आधी सुरू व्हावी, तेथवर जाण्यायेण्याची सोय व्हावी आणि मातृभाषेचे वर्ग तेथेही चालावेत. जुन्या पटावरील शेवटचे नाव नव्या हजेरीपटावर आले आहे, अशी खात्री झाल्यावरच जुन्या दाराला कुलूप लावावे.