पैसे कापले, काम कुठे गेलं?

(न्यू जर्सीतील मराठी महिलांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



रुग्णालयातून घरी जाणाऱ्या वृद्धांची पुढची व्यवस्था लावून देणं हे माझं रोजचं काम. त्या अनुभवातून एकच प्रश्न आज तुमच्यापुढे ठेवते. सरकार मेडिकेअरमधून फिजिओथेरपीचे पैसे कापतं, तेव्हा ते काम कुठे जातं?

मेडिकेअर हा पासष्टी गाठलेल्यांचा आणि काही अपंगांचा सरकारी विमा. कायदा १९६५चा. ग्रीन कार्डावर आलेल्या आपल्या आई-सासूबाईंनाही सलग पाच वर्षं इथे राहिल्यावर हप्ता भरून तो घेता येतो. उतारवयात हाडं ठिसूळ होतात ती बायकांची अधिक. खुबा मोडून येणाऱ्यांतही बायकाच जास्त. शस्त्रक्रिया काही तासांत होते. पण पलंगावरून उठणं, संडासाला एकटीनं जाणं, जिना चढणं हे आठवडेच्या आठवडे पुन्हा शिकावं लागतं. ते शिकवते फिजिओथेरपिस्ट.

या उपचाराला कात्री लावणं नवं नाही. १९९७च्या कायद्याने फिजिओथेरपी आणि वाचा-उपचार या दोन्हींना मिळून वर्षाला १५०० डॉलरची मर्यादा घातली. रुग्ण आणि थेरपिस्ट यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा २०१८ साली काँग्रेसने ती रद्द केली. आता दर कापले जातात. काहींचे दर वाढवले तर इतरांचे कमी करून एकूण बेरीज तेवढीच ठेवायची, असा नियम आहे. २०२१साठी डॉक्टरांच्या तपासणीचे दर वाढले आणि फिजिओथेरपीचे सुमारे ९ टक्क्यांनी घटणार होते. ओरड झाल्यावर काँग्रेसने ही कपात सौम्य केली. २०२२पासून सहायक थेरपिस्टच्या कामाला ८५ टक्केच दर मिळू लागला. २०२५ साली मूळ दर २.८३ टक्क्यांनी उतरला, तो कोणी थांबवला नाही. जुलै २०२५च्या कायद्याने अडीच टक्के वाढ दिली, तीही फक्त २०२६ या एका वर्षापुरती.

आकडे लहान दिसतात. पण जागेचं भाडं आणि पगार वाढतच असतात. माझ्याकडच्या एका आजींना शस्त्रक्रियेनंतर जवळच्या केंद्रात पाच आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. मेडिकेअरचे रुग्ण त्यांनी कमी केले होते. लांबच्या केंद्रात न्यायचं तर गाडी आणि माणूस हवं. सुनेनं आधी रजा काढली, मग अर्धवेळ नोकरी पत्करली. मुलानं रजा घ्यावी, असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. वॉशिंग्टनमध्ये वाचलेले डॉलर असे सुनेच्या पगारातून वजा होतात, आणि सरकारी हिशेबात त्याला बचत म्हणतात.

व्हरमाँटच्या ग्लेंडा जिमो या अंध, एक पाय गमावलेल्या बाईंच्या दाव्यात २०१३ साली तडजोड झाली. प्रकृती सुधारण्यासारखी नसली, तरी आहे ती ताकद टिकवण्यासाठी लागणारा तज्ज्ञ उपचार त्या कारणावरून नाकारायचा नाही, हे त्यातून स्पष्ट झालं. पण केंद्रच परवडेनासं होऊन बंद पडलं, तर या हक्काचं करायचं काय?

म्हणून आपली मागणी साधी आहे. दर वर्षी ऐनवेळी लावलेलं ठिगळ नको. रुग्णालयांचे मेडिकेअर दर दर वर्षी वाढत्या खर्चाचा विचार करून ठरतात. तसेच हे दरही कायद्याने महागाईशी जोडा.

आपल्या मतदारसंघाचा एक प्रतिनिधी आणि राज्याचे दोन सिनेटर, तिघांच्याही कार्यालयांना फोन करा. नाव आणि झिप कोड सांगा. मग किती आठवडे थांबावं लागलं, कोणाची नोकरी सुटली, ते सांगा. नागरिकत्व नसलं तरी फोन करता येतो. आणि हे काम नवऱ्यावर सोपवू नका. सासूबाईंना उठवून बसवणारी बाई जे सांगेल, ते दुसरं कुणी सांगू शकणार नाही.