तराजूला पासंग नाही ना?

भाजीवाल्यापुढे उभे राहिले, की जाणते गिऱ्हाईक आधी रिकामा तराजू पाहते. पासंग नाही ना, याची खात्री झाल्याशिवाय ते मापावर विश्वास ठेवत नाही. श्रोतेहो, शास्त्रज्ञांनाही हीच खबरदारी घ्यावी लागते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत, 27 किलोमीटर परिघाच्या लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये, नोव्हेंबर 2010 मध्ये प्रथमच शिशाचे अणुगर्भ एकमेकांवर आदळवण्यात आले. अशा टकरीत प्रोटॉन आणि न्यूट्रॉन जणू वितळतात. त्यांच्यातले क्वार्क व ग्लुऑन मोकळे होऊन क्षणभर एक अतितप्त द्रव्य तयार होते. विश्वाच्या जन्मानंतर पहिले काही मायक्रोसेकंद असेच द्रव्य सर्वत्र होते, असे मानतात.

या द्रव्यातून निघताना वेगवान क्वार्क आपली ऊर्जा गमावतात, म्हणून अपेक्षेपेक्षा कमी जोरदार कण बाहेर पडलेले दिसतात. पण अपेक्षा ठरवायची कशी? शिशाचे दोन अणुगर्भ समोरासमोर आदळले, तर आत प्रोटॉन-न्यूट्रॉनांच्या हजाराहून अधिक टकरी होतात. हा आकडा थेट मोजता येत नाही, गणिताने काढावा लागतो. तोच चुकला असेल, तर दिसणारी तूट खरी की हिशेबातली?

इथे झेड बोसॉन मदतीला येतो. क्षीण बलाचा हा वाहक 1983 मध्ये सर्नमध्येच सापडला. प्रोटॉनच्या सुमारे 97 पट जड असलेला हा कण जन्मताच विघटित होतो आणि कधीकधी त्यापासून म्युऑनांची जोडी निघते. म्युऑनांवर तीव्र बलाचा परिणाम होत नाही, त्यामुळे ते त्या दाट द्रव्यातून सुखरूप बाहेर येतात.

सीएमएस प्रयोगाला 2010 च्या टकरींत अशा 39 जोड्या मिळाल्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचाही या प्रयोगात सहभाग आहे. पुढे 2011 मधल्या शिशाच्या टकरींची तुलना त्याच ऊर्जेच्या प्रोटॉन टकरींशी केली. टकरींच्या हिशेबाने जेवढे झेड बोसॉन यायला हवेत, तेवढेच आले होते. म्हणजे क्वार्कांची तूट खरी होती.

अधिक बारकाईने मोजल्यावर मात्र, 2021 मध्ये सीएमएसने दाखवले, की अणुगर्भ कडेकडेने घासून जातात तेव्हा झेड बोसॉनही कमी भरतात. तिथे दाट द्रव्य फारसे नसते. दोष टकरींची वर्गवारी करण्याच्या पद्धतीत होता. तराजूत थोडा पासंग होता, आणि तो दाखवला तराजू तपासण्यासाठी ठेवलेल्या वजनानेच.