द्विधा मन आणि सम्यक निर्णय
(वर्षावास काळात विद्यार्थी व पालक यांच्यासमोर केलेले भाषण)





आजचा विषय आपल्या घराघरातला आहे. आपल्या भागातील एक हुशार मुलगी बारावी झाली. नर्सिंगला प्रवेश मिळत होता, पण मुंबईला राहावे लागणार होते. घरी आजारी आजी. मी विचारले, तर मुलगी म्हणाली, "सर, अजून ठरूक नाय." वडील म्हणाले, "मगे बघूया." असे 'बघूया' म्हणता म्हणता प्रवेशाची मुदत संपली. तिने जायचे की राहायचे, हे शेवटी कोणीच ठरवले नाही. ते तारखेने ठरवले. तिने विचार करून आजीजवळ राहायचे ठरवले असते, तर मला वाईट वाटले नसते. वाईट याचे वाटते की वर्ष गेले आणि निर्णय कोणाचाच नव्हता.

मनाच्या या अवस्थेला पाली भाषेत 'विचिकिच्छा' म्हणतात. भगवान बुद्धांनी चित्ताला झाकून टाकणारी पाच नीवरणे सांगितली, त्यांतले हे पाचवे. पण येथे गैरसमज नको. शंका घेणे हा दोष नव्हे. केसपुत्त गावच्या कालामांना भगवंतांनी सांगितले की, तुमची शंका योग्यच आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. मात्र स्वतः तपासून जे अहितकारक कळेल ते सोडा आणि जे हितकारक कळेल ते आचरा, असेही सांगितले. म्हणजे शंकेचा शेवट आचरणात झाला पाहिजे. जी शंका तपासही करीत नाही आणि पाऊलही उचलू देत नाही, ती विचिकिच्छा.

आपल्या मालवण किनाऱ्यावरचा तांडेल पाहा. होडी पाण्यात लोटण्याआधी तो वारा पाहतो, लाटा पाहतो. नको वाटले तर सरळ घरी जातो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पण एकदा होडी फुटत्या लाटेच्या तोंडावर नेली की वल्ही थांबवून चालत नाही. तेथे थांबला तर होडी आडवी होते आणि उलटते. विचार किनाऱ्यावर करायचा असतो.

आता बाबासाहेबांच्या जीवनातील एक कठीण प्रसंग पाहू. महाडला 20 मार्च 1927 रोजी त्यांनी हजारो बांधवांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. पण विरोधकांनी तळे खाजगी असल्याचा दावा लावला आणि 14 डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. 25 डिसेंबरला परिषद भरली, त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. हुकूम मोडावा, तर सरकारशीही लढा ओढवतो. थांबावे, तर आलेल्या लोकांचा हिरमोड. बाबासाहेबांनी चर्चा होऊ दिली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि 27 डिसेंबरला सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव स्वतः मांडला. तळ्याभोवती शिस्तीने मिरवणूक निघाली. तरुण नाराज झाले, पण लढा थांबला नाही. कोर्टात तो चालत राहिला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. थांबणे हाही निर्णय असू शकतो, मात्र पुढे काय करायचे हे ठाऊक असले पाहिजे.

दुसरे उदाहरण धर्मांतराचे. 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्यात घोषणा झाली. दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात झाली. मध्ये 21 वर्षे गेली. ही द्विधा होती काय? नाही. हिंदू म्हणून मरणार नाही, हे पहिल्याच दिवशी पक्के होते. कोठे जायचे, याचा अभ्यास चालू होता. विद्यार्थ्यांनो, एवढे शिका: जे ठरले ते ठरले म्हणा आणि जे तपासायचे ते वेगळे काढा. सगळेच एकत्र कालवले की मन गोंधळते.

प्रत्यक्षात काय करावे? भगवंतांनी राहुलाला सोपी रीत सांगितली. कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर, अशी तीन वेळा तपासणी करावी: यात माझे, दुसऱ्याचे किंवा दोघांचे अहित आहे काय? अहित दिसले तर थांबावे, चूक झाली तर जाणत्यांपुढे सांगून पुढे जपावे. म्हणजे निर्णय चुकला तरी सुधारण्याची वाट असते. ही वाट आहे हे कळले की भीती निम्मी होते.

तेव्हा घरी गेल्यावर दोन्ही बाजू वहीत लिहा. ज्याने ती वाट चालून पाहिली आहे अशा दोघा-तिघांना विचारा. ठरवण्याचा दिवस नक्की करा आणि तो मुदतीच्या आधीचा ठेवा. पालकांनो, तुम्ही मत जरूर द्या. पण 'मगे बघूया' म्हणून मुलांना टांगून ठेवू नका. आजीची सोय कोण पाहील, हा प्रश्न त्या घरात एक संध्याकाळ सर्वांनी बसून बोलला असता, तर कदाचित सुटला असता.

ती मुलगी यंदा पुन्हा अर्ज भरणार आहे. या वेळी ती जावो अथवा राहो, निर्णय तिचा असो, एवढीच सदिच्छा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!