जुन्या कॉमिक्सची प्रतवारी

इंद्रजाल कॉमिक्सच्या जुन्या मराठी अंकांना पैसे मोजणारे लोक निर्माण झाले, तसा संग्राहकांच्या बोलण्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागला. आपल्याकडचे अंक अमेरिकेत पाठवून त्यांचे ग्रेडिंग करून घ्यावे का? ज्यांना हा व्यवहार परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात सीजीसी नावाची कंपनी आहे. २००० साली तिने कॉमिक्सची प्रतवारी सुरू केली. अंक टपालाने तिच्याकडे पाठवायचा. तिचे परीक्षक मुखपृष्ठाची चमक, कोपरे, पिना, घड्या, पानांचा रंग हे सगळे तपासतात, दुरुस्ती झाली आहे का ते पाहतात, पाने मोजतात आणि अर्ध्यापासून दहापर्यंतच्या मापावर एक आकडा देतात. मग तो अंक पारदर्शक, कडक पेटीत कायमचा बंद होतो. वर लेबल, लेबलावर आकडा. पेटी उघडली की आकडा रद्द. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो: साध्या, नेहमीच्या अंकांसाठी हा खर्च करू नये. खर्च परवडत नाही हे त्याचे एक कारण झाले. त्याहून मोठे कारण असे की, मराठी कॉमिक्सच्या बाबतीत हे माप चुकीची गोष्ट मोजते.

ही पद्धत आली नाण्यांकडून. अमेरिकेत १९८६ आणि १९८७ या दोन वर्षांत नाण्यांची प्रतवारी करून ती पेटीबंद करणाऱ्या दोन कंपन्या उभ्या राहिल्या, आणि त्यांतल्या एकीच्या परिवारातूनच पुढे सीजीसी निघाली. नाण्याला ही पद्धत शोभते. नाण्याला दोन बाजू असतात आणि पेटीतून दोन्ही दिसतात. शिवराई पेटीत ठेवली तरी तिच्यावरची अक्षरे वाचता येतात, अभ्यासकाचे काही अडत नाही. कॉमिक्सच्या अंकाची मात्र बाहेरची दोनच पाने उरतात आणि आतली सगळी गोष्ट बंद होते. हा फरक किरकोळ नाही. जी वस्तू वाचण्यासाठीच जन्मली, तिचे वाचन कायमचे थांबवून तिची किंमत वाढवायची असेल, तर त्या बदल्यात काहीतरी भरघोस मिळायला हवे. काही ठिकाणी ते मिळतेही. १९३८ साली दहा सेंटला विकल्या गेलेल्या, सुपरमॅनचे पहिले दर्शन घडवणाऱ्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकाची साडेआठ ग्रेडची एक प्रत २०२४ च्या एप्रिलमध्ये लिलावात साठ लाख डॉलरांना गेली. तिथे एकेका पायरीला लाखो डॉलरांचा फरक पडतो. खरेदीदार हजारो मैलांवर असतो, आणि कोणत्या ग्रेडच्या किती प्रती नोंदल्या आहेत हेही जाहीर असते. अशा बाजारात त्रयस्थाचे प्रमाणपत्र ही गरज आहे, हे मी बिनशर्त मान्य करतो.

पण त्याच अमेरिकेतले दुसरे उदाहरण पाहा. १९९१ साली ‘एक्स-मेन’च्या नव्या मालिकेचा पहिला अंक ऐंशी लाखांहून अधिक छापला गेला. हा उद्या सोन्याच्या भावाने जाईल, या आशेने लोकांनी एकेकाने पाच-पाच, दहा-दहा प्रती घेऊन न उघडता ठेवल्या. पाच वर्षांत तो फुगा फुटला, दुकाने बंद पडली आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये मार्व्हल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. सगळ्यांनीच जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ होत नाही. आजही त्या अंकाच्या सुस्थितीतल्या प्रती मामुली किमतीला मिळतात. अशा अंकाचे ग्रेडिंग केले तर शुल्क निघाले तरी पुष्कळ. आता हाच हिशोब आपल्याकडे लावू. सर्वांत स्वस्त प्रकारातही शुल्क दोन हजार रुपयांच्या पुढे जाते. त्यावर बीड जिल्ह्यातल्या आपल्या कड्याहून फ्लोरिडापर्यंत जाण्या-येण्याचे कुरियर, विमा आणि परत येताना जकातीची कटकट. काही शेकड्यांत मिळणाऱ्या अंकावर त्याच्या किमतीच्या अनेक पट खर्च झाला, तर तो भरून काढायला तेवढे पैसे देणारे गिऱ्हाईक हवे. बाजार समितीच्या आवारात कांद्याची प्रतवारी होते, कारण समोर बोली लावणारे व्यापारी उभे असतात. मराठी इंद्रजालच्या साडेसहा आणि सात ग्रेडमधल्या फरकाला वेगळी बोली लावणारा बाजार अजून कुठेच उभा नाही.

पैशाची बाजू एवढी पुरे, कारण मला खरे बोलायचे आहे ते अंकांबद्दल. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने १९६४ च्या मार्चमध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि १९९० पर्यंत आठशेहून अधिक अंक काढले. वेताळ (फँटम) आणि मॅन्ड्रेक हे नायक परदेशातून आले, तर १९७६ साली आबिद सुरतींचा बहादूर आला. १९६७ पासून अनंत पै यांची अमर चित्र कथा आली आणि पुण्याच्या प्रताप मुळीकांसारख्या चित्रकारांनी तिला रूप दिले. हे अंक घेऊन कोणी कपाटात ठेवले नाहीत. एक अंक गल्लीभर फिरला. वाचनालयाने त्यावर शिक्का मारला, भाड्याने देणाऱ्या दुकानदाराने पुठ्ठा चिकटवला, पोरांनी आपली नावे लिहिली, फाटले तिथे खळ लावली, आणि सुट्टी संपल्यावर बरेचसे अंक रद्दीत गेले. जे वाचले त्यांतले कित्येक वाचले ते कोणीतरी दहा-बारा अंक एकत्र शिवून बाइंडिंग केले म्हणून. आता अमेरिकन मापाने पाहा. बाइंडिंग करताना पानांची धार कापली, हा मोठा दोष. वाचनालयाचा शिक्का, दोष. पेनाने लिहिलेले नाव, दोष. म्हणजे ज्या हस्तक्षेपामुळे अंक टिकला, त्याचेच गुण कापले जाणार, आणि तो कोणत्या गावात, कोणत्या वाचनालयात वाचला गेला याचा जो एकमेव पुरावा, तो डाग ठरणार. परीक्षकाचे त्यात काही चुकत नाही, त्याचे माप कोऱ्या, न वाचलेल्या प्रतीसाठी बनले आहे. आपल्याकडे दुर्मीळ काय आहे? अमुक अंक मराठीत अस्तित्वात आहे आणि त्याची सगळी पाने जागेवर आहेत, एवढेच मुळात दुर्मीळ आहे. या बहुतेक अंकांना मापाच्या तळाकडचेच आकडे मिळतील. आपल्याच जिल्ह्यात अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी आहे. कापडावर मजकूर, सोबत आकृत्या. काळाने ती झिजली, पण तिच्यावर काय लिहिले आहे हेच अभ्यासक विचारतात.

या म्हणण्यावर तीन आक्षेप येतात आणि तिन्ही विचार करण्यासारखे आहेत. पहिला फसवणुकीचा: रंगीत छपाई आता स्वस्त झाली आहे, नकली मुखपृष्ठ जोडलेला अंक अस्सल म्हणून विकला जाऊ शकतो. हे खरे आहे, आणि तिन्ही आक्षेपांत मला हाच सर्वांत वजनदार वाटतो. पण त्यावर तोडगा म्हणजे प्रत्येक पानाचे छायाचित्र, दोष शब्दांत लिहून दिलेली पावती आणि परत घेण्याची बोली. तीनशे रुपयांच्या व्यवहाराला एवढी खबरदारी पुरते. अमर चित्र कथेचे तर वारंवार पुनर्मुद्रण झाले, तिथे पहिली छपाई कोणती हे ओळखायला आधी आवृत्त्यांची तपशीलवार यादी हवी. ती यादी मराठी अंकांसाठी आपणच करू शकतो. दुसरा आक्षेप संरक्षणाचा. पेटी हाताळणीपासून वाचवते, हे कबूल. पण वर्तमानपत्री कागदाच्या लगद्यातच आम्ल तयार करणारे घटक असतात, कागद आतूनच पिवळा आणि ठिसूळ होतो. ती प्रक्रिया मंद करायला पॉलिप्रॉपिलिनची पिशवी, आम्लरहित पुठ्ठा आणि ऊन-ओल न लागणारी जागा लागते. यासाठी अंकामागे थोडेच रुपये पडतात आणि अंक हवा तेव्हा उघडता येतो. आपल्याकडे मात्र उन्हाळ्यात पत्र्याखाली तापणारा माळा आणि पावसाळ्यात वाळवी-कसर, हे खरे शत्रू आहेत. पेटीबंद अंकही पत्र्याखालीच ठेवला तर त्याचा कागद तसाच भाजेल. तिसरा आक्षेप प्रतिष्ठेचा: ग्रेडिंगमुळे लोक कॉमिक्सकडे गांभीर्याने पाहतील. मला हा आक्षेप मान्य नाही. बालभारतीने १९७१ साली सुरू झालेल्या ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य वाचायला ठेवले, तेव्हा त्या मासिकाची प्रतिष्ठा वाढली ती ते पुन्हा वाचले गेले म्हणून.

अपवाद आहेत, ते सांगितले पाहिजेत. १९६४ च्या पहिल्या अंकाची पूर्ण, न कापलेली प्रत कोणाकडे असेल, आणि ती परदेशी संग्राहकाला विकायचीच असेल, तर त्याने जरूर ग्रेडिंग करावे. मात्र पेटीत घालण्यापूर्वी पानन् पान स्कॅन करून ठेवावे. बाकीच्यांनी ते पैसे पिशव्यांवर आणि वह्यांवर खर्च करावेत. वही म्हणजे नोंदवही: अंकाचे नाव, क्रमांक, महिना, किंमत, पानांची संख्या, कोणते पान नाही, शिक्का कुठला, नाव कोणाचे. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन होते, म्हणजे ती नोंदीतून काढून टाकली जातात, आणि त्या ढिगात बालवाङ्मय आणि सुटे अंक चटकन जातात. ग्रंथपालांनी निर्लेखनापूर्वी एवढी एक यादी करून जवळच्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाकडे दिली, तर दहा वर्षांत मराठवाड्यापुरती तरी मराठी कॉमिक्सची सूची तयार होईल. आज इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी माळ्यावर असे बाइंडिंग असेल, त्यांना माझी विनंती आहे की पाऊस सुरू होण्याआधी ते खाली काढा, कापडाने पुसा, आतले अंक मोजून कागदावर उतरवा, आणि घरातल्या मुलांना वाचायला द्या.