गरजेची विक्री आणि गावाची एकी
(लहान मेंढपाळांच्या प्रश्नावरील व्याख्यान)



आज आपण इथिओपियातील मेन्झ या डोंगराळ मुलखाचा विचार करणार आहोत. सुमारे ३००० मीटर उंचीवर कडाक्याची थंडी आणि बेभरवशाचा पाऊस. जवाचे पीक हाती येईलच असे नाही. अशा ठिकाणी मेंढी हीच घरची शिल्लक असते. औषधपाणी असो, बियाणे असो, मेंढी विकूनच भागवावे लागते.

पण यातच नुकसानीचे मूळ आहे. निकड आली की शेतकरी अंगाने भरलेला तरणा मेंढा आधी विकतो, कारण त्यालाच भाव येतो. मागे किरकोळ मेंढे उरतात आणि तेच पुढच्या कोकरांचे बाप होतात. म्हणजे गरिबी केवळ आजचा पैसा नेत नाही, ती उद्याचा वाणही नेते.

यावर २००९ मध्ये 'इकार्डा' व अन्य संशोधन संस्थांनी शेतकऱ्यांनाच सोबत घेऊन काम सुरू केले. कोकरांच्या कानात बिल्ले घातले, वजनांची नोंद ठेवली. सुमारे सहा महिन्यांची नर कोकरे एकत्र आणून नोंदी पाहायच्या. रंग, शेपूट, बांधा मात्र गावची समितीच पारखणार. निवडलेला मेंढा गटातील सर्वांच्या कळपांसाठी राखायचा, उरलेले खच्ची करून पोसायचे व विकायचे.

परंतु चांगला मेंढा राखा, असे उपाशी माणसाला नुसते सांगून भागत नाही. म्हणून सामाईक निधीतून मालकाला मोबदला देण्याची सोय करावी लागते. हा या योजनेचा कणा आहे, असे आम्हांस वाटते.

विक्रीचेही तसेच. तेथील ख्रिस्ती समाज ईस्टरपूर्वी ५५ दिवस मांस वर्ज्य करतो. तेव्हा मागणी घटते, सणाच्या तोंडावर वाढते. एकटा गरजू व्यापारी देईल त्या भावाने विकतो. संघटित गाव थांबू शकते. बोंगा भागातील सहकारी संस्था तर पैदाशीचे मेंढे इतर भागांनाही विकू लागल्या.

चारा व रोगनिवारण यांवाचून उत्तम वाणही टिकत नाही, हे खरे. तथापि थांबण्याची ताकद एकट्या गरिबाजवळ नसते. ती दहा घरांनी मिळून निर्माण करता येते. विद्यार्थी मित्रांनी एवढे ध्यानी ठेवावे, ही विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.