पदवीपत्रावरचे गाव

रायपूर शहरातील शंकरनगर या वसाहतीत एखादे जुने मराठी घर आहे, अशी कल्पना करावी. आजोबा १९४२ च्या सुमारास पदवीधर झाले, वडील १९६० च्या सुमारास आणि मुलगा १९८५ च्या सुमारास. तिघांनीही रायपूर न सोडता शिक्षण घेतले. तरीही त्यांची पदवीपत्रे शेजारी मांडली, तर आजोबांच्या पत्रावर नागपूरचे नाव आढळेल, वडिलांच्या पत्रावर सागरचे आणि मुलाच्या पत्रावर रायपूरचे. घर जागचे हलले नाही. विद्यापीठ मात्र हलत राहिले. असे का झाले, हे पाहू लागले म्हणजे मध्य भारतातील सार्वजनिक विद्यापीठांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आपोआप उलगडू लागतो.

या साऱ्याच्या मुळाशी आहे संलग्नतेची पद्धत. १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे निघाली, ती लंडनच्या धर्तीवर. शिकवायचे महाविद्यालयांनी, विद्यापीठाने अभ्यासक्रम आखायचा, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. विद्यार्थ्याने आपले विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलेच पाहिजे, असे काही नव्हते. मध्य प्रांतातील महाविद्यालये आरंभी कलकत्त्याशी जोडलेली होती. ज्यांचे नाव आज रायपूरच्या विद्यापीठाला आहे, त्या पंडित रविशंकर शुक्लांचेच उदाहरण घ्या. जन्म १८७७ चा, सागर येथला. शालेय शिक्षण रायपुरात. पदवीचे शिक्षण नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयात. त्या वेळी हिस्लॉपचा विद्यार्थी परीक्षेला बसे तो कलकत्त्याच्या विद्यापीठाच्या. सागर, रायपूर आणि नागपूर ही तीन गावे एकाच माणसाच्या आयुष्यात यावीत आणि पुढे तीच या प्रदेशाच्या विद्यापीठांचीही गावे ठरावीत, हा योगायोग खराच. परंतु विलक्षण खरा.

१९०४ च्या कायद्यानंतर मध्य प्रांताची महाविद्यालये अलाहाबादकडे सोपविण्यात आली. म्हणजे प्रांताची राजधानी नागपूर आणि परीक्षेचे गाव प्रयाग. ही गैरसोय संपली ती ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठाची स्थापना झाली तेव्हा. सर बिपिनकृष्ण बोस हे त्याचे पहिले कुलगुरू. सहा महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी एवढाच आरंभीचा प्रपंच. आज एखाद्या जिल्ह्याच्या गावच्या एकट्या महाविद्यालयात याहून अधिक विद्यार्थी असतात.

छत्तीसगडात मात्र अद्याप काळोखच होता. रायपूरचे राजकुमार कॉलेज एकोणिसाव्या शतकातले असले, तरी नावाने कॉलेज असूनही ती संस्थानिकांच्या मुलांची शाळा होती. सामान्य घरातील मुलासाठी रायपुरात महाविद्यालय निघाले ते १९३८ साली, छत्तीसगड महाविद्यालय या नावाने. ते नागपूरच्या छत्राखाली चालू लागले आणि शंकरनगरच्या कल्पित आजोबांना गाव न सोडता पदवी मिळण्याची सोय झाली.

यानंतरची घटना सागरची. डॉ. हरिसिंह गौर हे नामांकित कायदेपंडित. दिल्ली विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू; पुढे नागपूरचेही कुलगुरू झाले. राजधान्यांतील विद्यापीठे चालवून झाल्यावर या गृहस्थांनी स्वतःच्या कमाईतील वीस लाख रुपये काढून १८ जुलै १९४६ रोजी आपल्या जन्मगावी, सागरला विद्यापीठ उभे केले. एका माणसाच्या पैशाने विद्यापीठ निघाल्याची अशी उदाहरणे आपल्या देशात थोडीच. पुढे प्रांताची महाविद्यालये भाषेप्रमाणे वाटली गेली. मराठी जिल्हे नागपूरकडे राहिले आणि हिंदी जिल्हे सागरकडे गेले. रायपूर अर्थातच सागरच्या वाट्याला आले.

भाषेच्या दृष्टीने ही वाटणी बरोबरच होती. पण नकाशा समोर ठेवला तर तिची दुसरी बाजू दिसते. रायपूरहून नागपूर सरळ मोठ्या रेल्वेमार्गावर. संध्याकाळी निघालेला माणूस सकाळी सहज पोचावा. सागरला जायचे तर आधी बिलासपूर, मग कटनी, मग सागर, असा मोठा वळसा. विद्यापीठ भाषेने जवळ आले आणि वाटेने दूर गेले. गुणपत्रिकेतील नावाची एक चूक दुरुस्त करून घेण्यासाठी हा वळसा घालणाऱ्याला त्यातील भाषिक समाधान कितपत जाणवले असेल, हा प्रश्नच आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले. नव्या मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री पंडित शुक्ल झाले आणि दोनच महिन्यांत, ३१ डिसेंबर १९५६ रोजी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी छत्तीसगडच्या भूमीवर पहिले विद्यापीठ निघाले होते; तेही रायपुरात नव्हे, तर खैरागड या छोट्याशा संस्थानी गावात. तेथील राजा बीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती यांनी दिवंगत कन्या इंदिरा हिच्या स्मरणार्थ आपला राजवाडा संगीताच्या विद्यापीठाला दिला. या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाच्या आरंभीच्या काळात कुलगुरुपद सांभाळले ते भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी. हे विद्यापीठ निराळ्या जातीचे आहे. त्याचा संबंध एका प्रदेशाशी नाही, एका विद्येशी आहे. म्हणून जिल्ह्यांच्या वाटण्या होत राहिल्या, तरी त्याच्या केंद्राला धक्का लागला नाही.

रायपूरचे रविशंकर विद्यापीठ १९६४ साली स्थापन झाले. त्याच वर्षी इंदूर आणि ग्वाल्हेर येथेही विद्यापीठे निघाली. रायपूरचे पहिले कुलगुरू डॉ. बाबुराम सक्सेना हे अवधी भाषेचे शास्त्रीय विवेचन करणारे भाषापंडित. कार्यक्षेत्र मात्र भाषाशास्त्राच्या आटोक्याबाहेरचे होते. उत्तरेस सरगुजापासून दक्षिणेस बस्तरपर्यंत सारा छत्तीसगड त्यात होता.

अशा विद्यापीठाचा संसार कसा चालतो, हे थोडे पाहण्यासारखे आहे. त्याची दोन अंगे असतात. एक म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे अध्यापन विभाग, जेथे पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन चालते. दुसरे म्हणजे दूरवर विखुरलेली संलग्न महाविद्यालये. मान पहिल्यामुळे मिळतो आणि परीक्षा शुल्काच्या रूपाने द्रव्य बरेचसे दुसऱ्यामुळे येते. नवे विद्यापीठ काढण्याची गोष्ट निघाली की जुने विद्यापीठ का कुरकुरते, याचे उत्तर या हिशेबात सापडते. १९७३ पूर्वी प्रत्येक विद्यापीठाचा कायदा वेगळा असे. त्या वर्षी मध्य प्रदेशाने सर्वांसाठी एकच कायदा केला आणि छत्तीसगड राज्यानेही पुढे तोच स्वीकारला. सभा, कार्यपरिषद, विद्यापरिषद, अभ्यासमंडळे अशी त्याची उतरंड आहे. सर्व विद्यापीठांत मेळ राहावा म्हणून एक समन्वय समितीही आहे.

मराठी माणसाची येथे एक गंमतीदार फसगत होते. महाराष्ट्रात राज्यपाल हे विद्यापीठाचे कुलपती आणि विद्यापीठ चालवणारे ते कुलगुरू. १९७३ च्या या हिंदी कायद्यात राज्यपाल कुलाधिपती असून विद्यापीठ चालवणारे कुलपती आहेत. नागपूरच्या पाहुण्याने रायपुरात ‘कुलपती भेटले’ असे म्हटले, तर घरच्यांना वाटावे की स्वारी थेट राजभवनात जाऊन आली. मध्य प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने २०२४ साली ‘कुलगुरू’ हाच शब्द घेण्याचे ठरविले. म्हणजे या एका बाबतीत तरी मराठी वळण उत्तरेकडे सरकले.

शब्दांपेक्षा महत्त्वाचे आहे ते याच कायद्याचे कलम ५२. कारभार कायद्याप्रमाणे चालणे शक्य नाही असे शासनाला वाटले, तर एका अधिसूचनेने हे कलम लागू होते. मग कुलगुरूंचे पद आणि परिषदांचा अधिकार दोन्ही संपतात. हे औषध कधी तरी लागते, हे खरे. परंतु औषधाची बाटली सदैव उशाशी ठेवून झोपणारे विद्यापीठ कितपत मोकळेपणाने विचार करील, याचा विचार कायदा करणाऱ्यांनी करायला हवा होता.

पुढे छत्तीसगडचे विद्यापीठ विद्यार्थ्याच्या दिशेने आणखी सरकत गेले. १९८३ साली बिलासपूरला गुरू घासीदास विद्यापीठ निघाले आणि उत्तरेकडील महाविद्यालये तिकडे गेली. नेमक्या त्याच वर्षी नागपूरपासून अमरावती वेगळे झाले. २००८ साली बस्तर आणि सरगुजा या दोन्ही टोकांना विद्यापीठे मिळाली, २०१५ साली दुर्गलाही मिळाले. बस्तरच्या बाबतीत हे फार पूर्वी व्हायला हवे होते. जगदलपूर रायपूरपासून सुमारे तीनशे किलोमीटर. वाट केशकालच्या घाटातून. आणि कोंट्याचा विद्यार्थी तर त्याच्याही पलीकडचा. बिलासपूरची कथा निराळी. गुरू घासीदास विद्यापीठ २००९ साली केंद्रीय झाले, तेव्हा त्याच्या संलग्न महाविद्यालयांना नवे छत्र हवे झाले, म्हणून २०१२ साली त्याच शहरात दुसरे राज्य विद्यापीठ काढावे लागले.

जवळ येण्याची ही हौस एकदा भलत्याच थराला गेली. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, तेव्हा चार सार्वजनिक विद्यापीठे होती: रायपूर, बिलासपूर, खैरागड येथील आणि रायपूरचे कृषी विद्यापीठ. २००२ साली राज्याने खाजगी विद्यापीठांचा कायदा केला. त्यानुसार केवळ शासकीय अधिसूचनेने विद्यापीठ जन्मास येऊ लागले आणि अल्पावधीत त्यांची संख्या शंभरावर गेली. त्यांतील कित्येकांपाशी इमारत नव्हती, ग्रंथालय नव्हते, अध्यापक नव्हते. होते फक्त नाव आणि पदवी देण्याचा अधिकार. विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्राध्यापक यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने या कायद्याची ५ व ६ ही कलमे घटनाबाह्य ठरविली आणि त्यांच्या आधारे निघालेली विद्यापीठे एका दिवसात नाहीशी झाली.

प्रश्न उरला तो त्यांत नाव घातलेल्या मुलांचा. त्यांनी शुल्क भरले होते, वर्षे घातली होती. त्यांचे नुकसान होऊ नये म्हणून, या संस्था राज्यातील आधीच्या विद्यापीठांशी संलग्न करून घेण्याची व्यवस्था शासनाने करावी, असे न्यायालयाने सुचविले. ज्या जुन्या विद्यापीठांना डावलून ही नवी दुकाने थाटली होती, त्यांच्याच कचेऱ्यांच्या खिडक्यांकडे आता या मुलांना पाठवायचे होते.